अवधाण आणि हत्तीपाय

कुंभकोणम म्हणजे देवळांचं आणि तळ्यांचं गाव. तंजावरच्या भोसल्यांमुळे ते मराठी माणसाला परकं नाही. त्रावणकोरचे, इंदूरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण झालेले टी. माधवराव इथल्याच मराठी घरात १८२८ साली जन्मले. कावेरीच्या या सखल, ओल्या मुलखात एक रोगही पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम करून आहे. तमिळमध्ये त्याला ‘यानैक्काल’ म्हणतात, मराठीत हत्तीपाय. दोन्ही भाषांना एकच जनावर आठवलं, कारण दोघींनीही पाहिला तो पाय.

वैद्यकाची नजर मात्र पायावरून लवकरच उठली. १८६६ मध्ये ब्राझीलमध्ये वुखेररला रुग्णाच्या लघवीत सूक्ष्म कृमी दिसले; १८७२ मध्ये कलकत्त्यात लुईसला ते माणसाच्या रक्तात सापडले. मॅन्सनने चीनमध्ये राहून ताडलं की ते रात्रीच कातडीजवळच्या रक्तात येतात आणि डासाच्या पोटात वाढतात. (म्हणूनच हत्तीरोगाची पथकं रात्री रक्त घेत फिरत.) पण डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन रोग होतो, असं त्याला वाटलं. हा समज पुरता सुटायला १९०० साल उजाडलं. त्या वर्षी लो याने डासाच्या सोंडेतच कृमी दाखवले. मग शत्रू ठरला गटारात वाढणारा क्युलेक्स. १९४७ मध्ये भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने डीईसी हे औषध पुढे आणलं. रक्तातले कृमी त्याने मरतात. जाड झालेला पाय मात्र तसाच राहतो.

तो का राहतो, हे विचारायला फार उशीर झाला असं मला वाटतं. मोठे कृमी राहतात लसिकावाहिन्यांत. मेलेल्या कृमींनी वाहिनी तुंबते आणि पाय सुजतो, हे उत्तर बराच काळ पुरेसं मानलं गेलं. १९९०च्या दशकात ब्राझीलच्या रेसिफे शहरात जेरुझा ड्रायर आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीत पाहिलं, तर कृमी जिवंत, वळवळणारे आणि वाहिनी तुंबलेली नव्हे, फुगलेली. फुगलेल्या वाहिनीच्या झडपा नीट मिटत नाहीत, लस साचते. अशा पायात बोटांच्या बेचक्यातून, भेगांतून जिवाणू शिरले की थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो आणि प्रत्येक झटक्यानंतर थोडा अधिक जाड होतो. केरळातल्या मुलांच्या तपासणीत तर पाय सुजण्याआधीच वाहिन्या रुंदावलेल्या आढळल्या. तिथला कृमी वेगळ्या जातीचा, पण वाहिनीची गत तीच.

आपल्याकडे पायाला जखम झाली आणि जांघेत गाठ आली की घरातली म्हातारी माणसं म्हणत, ‘अवधाण आलंय, आधी पाय बघ.’ जखम आणि गाठ यांना जोडणारी लसिकावाहिन्यांची वाट त्या एका शब्दाला ठाऊक होती. संशोधन रक्त, डास, औषध असा लांबचा फेरा घालून त्याच वाटेवर आलं. तो फेरा फुकट गेला असं मी म्हणणार नाही. सामूहिक औषधवाटपामुळे नव्या लागणी घटल्या. पण ज्यांचे पाय आधीच सुजलेत त्यांच्या हाती आज दिलं जातं ते साबण, स्वच्छ पाणी आणि कोरडं फडकं. पाय रोज धुवायचा, बोटाबोटांमधून टिपायचा, भेगेला मलम लावायचं, बसताना पाय उंचावर ठेवायचा. एवढ्याने तापाचे झटके कमी होतात.

कुंभकोणममध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस लागतो, तेव्हा पाय दिवसदिवस ओले राहतात आणि बेचक्यात चिखल्या होतात. सुजलेल्या पायाची बोटं एकमेकांना इतकी चिकटलेली असतात की तिथपर्यंत फडकं पोचवायला बहुधा दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो.