खोलीतले गाऱ्हाणे

नात्यागोत्याची नसलेली चार माणसे एका छताखाली राहू लागली की त्यांच्यात जे गैरसमज होतात, त्यांचे मूळ बहुधा वैरात नसून अर्थ लावण्याच्या घाईत असते. कारण एकाने केलेली कृती दुसऱ्याला दिसते, तिच्यामागचे कारण मात्र दिसत नाही, आणि न दिसलेल्या कारणाची जागा मन आपल्या कल्पनेने भरून टाकते. रात्री उशिरा आलेल्या सोबत्याने दिवा लावला, तर अंधारात त्याला खाट सापडत नसावी असे झोपमोड झालेल्या माणसाच्या मनात येत नाही. याला कोणाची पर्वाच नाही, हा निष्कर्ष मात्र तत्काळ तयार होतो. दुसऱ्याच्या वागण्यामागची परिस्थिती कमी लेखून सारा दोष त्याच्या स्वभावाला लावण्याच्या या प्रवृत्तीला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये जे नाव दिले, त्याला मराठीत मूलभूत आरोपणदोष असे म्हणता येईल.

सहनिवासाचा, म्हणजे परक्यांनी एक घर वाटून घेऊन राहण्याचा, जुना आणि कष्टाने कमावलेला अनुभव मालवण किनाऱ्याच्या गाठीशी आहे. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी स्थापन केली आणि पुढच्या काळात गिरण्यांचा विस्तार होत गेला, तसे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून (सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी वेगळा झाला) तरुणांचे तांडे आगबोटीने मुंबईला जाऊ लागले. नोकरी मुंबईत आणि घर मात्र गावीच, असे मानणारा हा कोकणी माणूस म्हणजे चाकरमानी. लालबाग, परळ, चिंचपोकळी या गिरणगावाच्या वस्तीत एकेका गावाच्या लोकांनी वर्गणी काढून खोल्या घेतल्या. गावकीची खोली म्हणतात ती हीच. गोव्याच्या खलाशांनी मुंबईत गावोगावच्या नावाने जे कूड, म्हणजे सामाईक वसतीचे क्लब चालवले, तेही याच गरजेतून उभे राहिले, आणि तेथे संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला हजर राहण्याचा दंडक असे.

गिरणगावातील सरकारी चाळींपैकी बीडीडी चाळीची खोली अवघी १६० चौरस फुटांची होती, आणि गावकीच्या खोल्याही याहून फार ऐसपैस नसत. भिंतीलगत एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या ट्रंका, आडव्या दोरीवर प्रत्येकाच्या वाट्याला आलेली हातभर जागा, कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या वळकट्या आणि दाराबाहेरची गॅलरी, जिच्यात उन्हाळ्यात निम्मी माणसे झोपत, एवढा त्या संसाराचा पसारा होता. गिरणी तीन पाळ्यांत चाले, त्यामुळे रातपाळीचा माणूस सकाळी परतून अंथरूण टाकी, तेव्हा पहिल्या पाळीचे सोबती कामावर गेलेले असत आणि दुसऱ्या पाळीचे उठून आंघोळीच्या तयारीत असत. जेवण बहुधा खानावळवाल्या बाईकडे असल्याने चुलीवरून भांडण होण्याचा प्रश्न नव्हता. तरी पाण्याची बादली कोणी रिकामी केली, कोणाच्या मोठ्या बोलण्याने झोप मोडली, गावाहून आलेल्या गाठोड्यातले खाजे कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, अशा बारीकसारीक गोष्टींवरून मनात अढी बसायला वाव भरपूर होता.

या खोल्या तरीही वर्षानुवर्षे चालल्या, आणि त्याचे श्रेय केवळ गावच्या प्रेमाला देणे पुरेसे नाही, कारण गावातली भांडणेही याच माणसांबरोबर मुंबईत आलेली होती. खोलीचा कारभार एखाद्या वडीलधाऱ्याकडे सोपवलेला असे, भाड्याच्या आणि वर्गणीच्या हिशेबासाठी माणसे ठरावीक दिवशी एकत्र बसत, आणि पैशाचे बोलणे निघाले की त्याच बैठकीत धुसफूसही उघड होई. तक्रारीला ठरलेला दिवस होता, ऐकायला सगळे हजर होते आणि शेवटचा शब्द कोणाचा हेही ठरलेले होते. म्हणून ती आतल्या आत कुजत राहत नसे.

या पद्धतीचे बीज किनाऱ्यावरच्या गावऱ्हाटीत, म्हणजे ग्रामदैवताभोवती बांधलेल्या गावच्या परंपरागत व्यवस्थेत, शोधावे लागते. तेथे कोणतेही कार्य सुरू करताना नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे घातले जाते: मानकरी किंवा घरातला जाणता माणूस मोठ्याने बोलतो, कोणाकडून काही चुकले-माकले असेल, कोणाच्या मनात काही वाकडे आले असेल तर ते पदरात घेऊन सरळ करण्याची विनवणी करतो, आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणून होकार देतात. यातला बारकावा असा की दोष सर्वांसमक्ष बोलला जातो, ज्याचा तो असेल तोही ऐकतो, पण त्याचे नाव घेतले जात नाही आणि होकार मात्र त्यालाही द्यावा लागतो. चुकलेल्या माणसाला मान खाली न घालता परत येण्याची वाट इतक्या शहाणपणाने क्वचितच राखून ठेवलेली आढळते.

गिरण्यांच्या १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव मोडत गेले आणि गावकीच्या खोल्यांचे महत्त्वही ओसरले. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची मुले आता पुण्यात, पणजीत चौघांत मिळून फ्लॅट घेतात, तर सिंधुदुर्गनगरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात घाटावरची मुले शिकायला येतात, आणि एकमेकांच्या सवयींची काहीही पूर्वकल्पना नसलेली माणसे एका दाराआड येतात. रविवारी दुपारी मालवणी मुलाने गॅसवर सुका बांगडा भाजायला ठेवला की त्याच्या नाकाला तो आईच्या हातच्या जेवणाचा वास असतो, शेजारच्या खोलीत दार लावून बसलेल्या शाकाहारी सोबत्याच्या लेखी मात्र तो जाणूनबुजून दिलेला त्रास असतो. सोबती तोंडावर काही बोलत नाही. रात्री तो चौघांच्या व्हॉट्सॲप गटावर स्वच्छतेविषयी चार ओळी टाकतो. या ओळी गाऱ्हाण्यासारख्या सर्वांसमोर आलेल्या दिसतात, परंतु त्यांच्यात चेहरा नाही, आवाजाचा चढउतार नाही आणि लगेच खुलासा करण्याची सोय नाही. वाचणारा त्या स्वतःच्या मनःस्थितीप्रमाणे वाचतो, आणि एका गैरसमजाचे दोन होतात.

कामाच्या वाटणीतला गैरसमज याहून चिवट असतो. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या संशोधकांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पती आणि पत्नी यांना घरकामातला स्वतःचा वाटा वेगवेगळा विचारला, तेव्हा दोघांच्या उत्तरांची बेरीज प्रत्यक्ष कामापेक्षा अधिक भरली. आणि विशेष म्हणजे भांडण उकरून काढण्यासारख्या कमीपणाच्या गोष्टींतही दोघांनी स्वतःचा वाटा फुगवून सांगितला. याचा अर्थ माणसे बढाईपोटीच असे बोलतात असे नाही, तर स्वतः घासलेले भांडे हाताला आठवते आणि दुसऱ्याने घासलेले भांडे डोळ्यांना नुसते स्वच्छ दिसते. तेव्हा ‘सगळे मीच करतो’ असे चौघेही मनापासून म्हणत असतील, तर त्यांतला कोणी खोटे बोलतोच आहे असे धरून चालणे अन्यायाचे आहे, आणि कामांचा कागद भिंतीवर लावणे हे अविश्वासाचे लक्षण मानण्याचेही कारण नाही. भाड्याच्या अकरा महिन्यांच्या करारात अनामत रक्कम आणि वीजबिल यांचा उल्लेख असतो. मासळी कोणत्या वारी शिजेल, पाहुणा किती दिवस राहील, परीक्षेच्या दिवसांत दिवा किती वाजेपर्यंत चालेल, हे मात्र राहणाऱ्यांनीच पहिल्या आठवड्यात बसून ठरवावे लागते.

गावकीच्या खोलीचे गुणगान करताना तिच्या मर्यादा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ती एका गावाची, पुष्कळदा एका भावकीची किंवा जातीची असे, वडीलधाऱ्याचा शब्द तेथे मोडता येत नसल्याने काही तक्रारी मिटत नसून दबत असत, आणि ती पुरुषांची होती. या खोल्यांतल्या पुरुषांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना एकत्र बसून स्वतःचे प्रश्न मांडण्याची जागा १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेव्हा मिळाली. आज परिचारिका म्हणून, हॉटेलात वा बँकेत नोकरीला लागून घराबाहेर पडणाऱ्या मालवण किनाऱ्याच्या मुलींपुढे आजोबांच्या खोलीचा नमुना आहे, आजीच्या खोलीचा नाही. वेगळ्या जिल्ह्याच्या, वेगळ्या जातीच्या आणि वेगळ्या ताटाच्या मुलींबरोबर, कोणी कारभारी वर नसताना, त्या आपल्या बैठकीचा वार ठरवतात, तेव्हा त्या आजोबांच्या पिढीला करावे न लागलेले, अधिक अवघड काम करत असतात.