वेदनेची साक्ष

निष्ठा हा सद्गुण आहे याविषयी दुमत नाही. विवाहात, व्रतस्थ जीवनात, नोकरीत वा मैत्रीत दिलेला शब्द पाळणाऱ्या माणसाचा आपण आदर करतो. आणि तो पाळताना त्याने काही सोसले असेल, तर तो आदर दुणावतो. परंतु या सोसण्याला मर्यादा असावी की नाही? कर्तव्यासाठी स्वतःच्या देहाची किती झीज करण्याचा अधिकार माणसाला आहे? प्रश्न जुनाच आहे. त्याचे एक अलीकडचे उदाहरण मात्र फुटबॉलच्या मैदानावर आढळते.

डॅनियल ॲगर हा डेन्मार्कचा बचावपटू. १९८४ साली जन्मलेला हा मुलगा कोपनहेगनजवळच्या ब्रॉन्बी क्लबात घडला. २००४ मध्ये तो पहिल्या संघात आला आणि पुढच्याच वर्षी त्या संघाने देशाची लीग व चषक दोन्ही जिंकले. जानेवारी २००६ मध्ये सुमारे ६० लाख पौंड मोजून लिव्हरपूलने त्याला इंग्लंडला नेले. तेथे साडेआठ वर्षांत तो २३२ सामने खेळला. बचावपटूचे काम मुळात दुसऱ्याला गोल करू न देण्याचे. तरीही त्याच्या नावावर १४ गोल जमा झाले. १ मे २००७ रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात चेल्सीविरुद्ध त्याने केलेला गोल लिव्हरपूलचे लोक अजून विसरलेले नाहीत. त्या गोलाने बरोबरी झाली आणि संघ पेनल्टीवर अंतिम फेरीत पोहोचला.

त्याच्यावर लोकांचे प्रेम जडले ते केवळ खेळामुळे नव्हे. २०१२ साली मँचेस्टर सिटी त्याला मिळवू पाहत असल्याच्या बातम्या आल्या. पण त्याने लिव्हरपूलशीच नवा करार केला आणि क्लबच्या गीतातील शब्दांची आद्याक्षरे बोटांवर गोंदवून घेतली. २०१४ मध्ये इंग्लंड सोडले, तेव्हा तो गेला तो आपल्या जुन्या ब्रॉन्बीकडेच. बाजारभावाने माणसे विकली जाणाऱ्या या क्षेत्रात असे वागणे विरळाच.

पण या निष्ठेला दुसरी बाजू होती. २००७ साली त्याच्या पायाच्या पंजाचे हाड मोडले, २००९ साली पाठीवर शस्त्रक्रिया झाली, गुडघ्याने वारंवार दगा दिला. मैदानावर उभे राहता यावे म्हणून तो सूज आणि वेदना दाबणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे घेत राहिला. मार्च २०१५ मध्ये ब्रॉन्बीच्या एका सामन्यात त्याला २९ मिनिटांनंतरच बाहेर यावे लागले. त्या आठवड्यात औषधाचा अतिरेक झाला होता. जून २०१६ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, तो निवृत्त झाला आणि मग त्याने हे सारे जाहीरपणे सांगितले.

वेदनाशामक औषध घेणे हे पाप नव्हे. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञ डॉक्टरांसमोर बोलताना हे स्पष्ट केले होते: वेदना कमी करून घेणे योग्य आहे, ती सोसलीच पाहिजे असे बंधन ख्रिस्ती माणसावर नाही. मग खटकते ते काय? वेदना ही देहाची पहारेकरी आहे. आजाऱ्याला दिलेली गोळी त्याला विसावा देते. खेळण्यासाठी घेतलेली गोळी पहारेकऱ्याला निजवते, म्हणजे घर बिनदिक्कत वापरता यावे. पहिली गोळी माणसाची सेवा करते. दुसरी त्याच्या उपयोगाची.

संत पौल करिंथकरांना लिहिताना धावपटूची उपमा देतात आणि आपण देहाला शिस्त लावतो असे सांगतात. परंतु त्याच पत्रात त्याआधी त्यांनी बजावलेले आहे, की हा देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि तो आपल्या मालकीचा नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही आरोग्याला देवाची देणगी म्हणतो आणि त्याच ओघात देहाचे स्तोम माजवण्याचा व क्रीडेतील यशाला मूर्ती बनवण्याचा निषेध करतो. देहाला पूजणे आणि यशासाठी देह झिजवून टाकणे या वरवर परस्परविरोधी गोष्टी आहेत. प्रत्यक्षात दोन्हींची वेदी एकच.

कोणी विचारील, मग त्यागाचे काय? मोलोकाईच्या कुष्ठरोग्यांत राहून त्याच रोगाने १८८९ साली देह ठेवणारे संत डेमियन चुकले का? मुळीच नाही. त्यांच्या देहाची गरज जिवंत माणसांना होती. फुटबॉलच्या मैदानाबाहेर मात्र बदली खेळाडू बसलेला असतो. आपल्या त्यागाची परीक्षा घ्यायची, तर हाच प्रश्न स्वतःला विचारावा: माझ्यावाचून खरोखर कोणाचे अडणार आहे, की माझ्यावाचून अडते हा माझा समज मला हवाहवासा वाटतो?

आपल्या कुटुंबांतही गोळी घेऊन कामावर जाणारे वडील आणि सुजलेल्या गुडघ्यांनी नाताळचा फराळ करणाऱ्या आया असतात. त्यांतल्या कित्येकांना बदली खेळाडू नसतो. रोजंदारी चुकली तर चूल थंड राहते. अशांना दोष देणे अन्यायाचे होईल. तेथे प्रश्न उरतो तो इतरांना, म्हणजे घरातल्या धडधाकट मुलांना, मालकाला, शेजाऱ्याला आणि आम्हां धर्मगुरूंनाही. कोणाची वेदना गप्प बसल्यामुळे आपली सोय होत आहे? खेळाडू लंगडत मैदानात उतरला की टाळ्या वाजवणारे आपणच असतो. त्या टाळ्यांचा वाटा त्याच्या गोळ्यांत असतो.

ॲगरने हे सांगितले तेव्हा त्यातून त्याला स्वतःला मिळण्यासारखे काही नव्हते. इतर खेळाडूंना उपयोग व्हावा एवढाच त्याचा हेतू होता. खेळत असताना त्याने वेदनेचे तोंड बंद केले, निवृत्त होताना तिला बोलू दिले. क्लबशी राखलेल्या निष्ठेपेक्षा सत्याशी राखलेली ही निष्ठा मला मोठी वाटते. कारण पहिलीमुळे एका संघाला बचावपटू मिळाला, आणि दुसरीमुळे कदाचित एखाद्या अनोळखी तरुणाचा गुडघा वाचेल.