खाली कोण आहे, बघितलंत का?

पोरांनो, तारकर्लीहून आल्या आल्या तुम्ही जुन्या वर्गाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकलात. मी तो थांबवून थांबवून पाहिला. जेट स्की भरधाव चालली आहे, मागे बसलेला हात सोडून ओरडतो आहे, आणि उजवीकडे पाण्यावर लाल झेंडा डुलतो आहे. त्यावर पांढरा तिरका पट्टा आहे. झेंड्यापासून चार हातांवर बुडबुडे वर येत आहेत. तुम्ही त्या झेंड्याला इतक्या जवळून वळसा घातलात की तुमच्या लाटेनं तो आडवा झाला. ग्रुपवर सगळ्यांनी शाबासकी दिली. माझ्याकडून ती मिळणार नाही.

तो झेंडा म्हणजे खाली माणूस आहे. दुसरा एक निळा-पांढरा झेंडा बोटीवर लावतात, त्याचाही अर्थ हाच: माझा पाणबुड्या खाली आहे, वेग कमी करा, लांब राहा. अमेरिकेतल्या फ्लोरिडात खुल्या पाण्यात अशा झेंड्यापासून ३०० फूट दूर राहावं लागतं, तसा कायदाच आहे. तुम्ही तीस फूटही सोडले नाहीत. झेंड्याचा अर्थ माहीत नव्हता, हे कारण मला सांगू नका. बुडबुडे दिसत होते ना? पाण्याखाली श्वास कोण सोडतं, हे मी तुम्हाला पाचवीत शिकवलं आहे.

आणि तुम्ही चौघंही विहिरीत पोहायला शिकलेले आहात. पाठीला डबा बांधून. मग बुडी मारून तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायची पैज लावायचात. त्या वेळी काठावरून सूर मारणारा आधी ओरडायचा, "खाली कोण हाय?" वर आलेली डोकी मोजल्याशिवाय कुणी उडी टाकली, तर मोठी माणसं तिथंच कानाखाली वाजवायची. सिल्लोडच्या विहिरीत आठव्या वर्षी कळलेला नियम समुद्रावर कसा सुटला? बुडाखाली इंजिन आलं म्हणून?

आता खालच्या माणसाचं ऐका. इंजिन ऐकून तो बाजूला होईल, असं तुम्हाला वाटतं. होणार नाही. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं जातो. त्यामुळे दोन्ही कानांना तो जवळजवळ एकदमच लागतो, आणि इंजिन कोणत्या बाजूला आहे ते उमगत नाही. त्याला झटकन वरही येता येत नाही. खाली दाबाखाली घेतलेली हवा वर येताना फुगते, रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, म्हणून मिनिटाला साधारण ९ मीटर, याहून घाई करायची नाही असं त्याला शिकवलेलं असतं. खोल गेलेला असेल तर ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. शेवटचे ते ५ मीटर चढायला त्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात ताशी ६० किलोमीटरनं धावणारी जेट स्की अर्धा किलोमीटर कापते. त्यानं वर पाहिलं तेव्हा पाणी मोकळं होतं. डोकं बाहेर काढलं तेव्हा तुम्ही तिथं होतात.

आणि हँडल तुझ्या हातात होतं, डोकं दिसल्यावर तू काय करणार होतास? घाबरून थ्रॉटल सोडला असतास. जेट स्की मागे फेकलेल्या पाण्याच्या झोतावर वळते. थ्रॉटल सोडला की झोत मंदावतो, मग हँडल कितीही फिरव, बहुतेक जेट स्की सरळच जातात. हे न शिकता तू ती चालवलीस, आणि मागे मित्राला बसवलंस.

कर्स्टी मॅकॉल नावाची इंग्लंडची गायिका होती. १८ डिसेंबर २००० रोजी मेक्सिकोतल्या कोझुमेलजवळ आपल्या दोन मुलांबरोबर ती स्कूबा करत होती. वर येत असताना, जिथं बोटींना मनाई होती तिथंच एक वेगवान बोट अंगावर आली. तिनं एका मुलाला बाजूला ढकललं, आणि स्वतः जागीच गेली. आपल्याकडे बरोबर चोवीस वर्षांनी, १८ डिसेंबर २०२४ ला, इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. १५ जीव गेले. ती तर शंभरावर माणसांनी भरलेली, उघड्या डोळ्यांना दिसणारी बोट होती. मग पाण्याखालच्या माणसाची काय कथा?

हे कोकणापुरतं आहे, असंही समजू नका. आपल्या खेळणा धरणात, पैठणच्या नाथसागरात पाण्याखाली उतरणारा हौशी नसतो. तो बुडालेल्याला शोधायला उतरतो. पाणी गढूळ, डोळ्यांना काही दिसत नाही, आणि वर बघ्यांच्या होड्या. २३ मे २०२४ ला अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या पोरांना शोधताना एसडीआरएफ या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचीच बोट उलटली आणि तिघे जवान गेले. तिथं पाण्यानं घात केला. उद्या एखाद्या शोधकार्यात तुमच्यापैकी कुणी मोबाइल उंच धरून बोट मध्ये घालताना दिसला, तर घरी येऊन त्याच्या आईवडिलांसमोर बोलेन.

स्कूबा केलेल्यालाही सोडत नाही. गाइडचा हात सोडून लांब जाऊन वर आलो, हे तू अभिमानानं लिहिलं आहेस. झेंडा तुझ्या डोक्यावर असेल तरच तो तुझा. लांब जायचंच असेल तर दोरीचा नारिंगी फुगा आधी वर सोडायचा, मग एक हात वर करून, गोल फिरत, चारी बाजू बघत हळूहळू यायचं. तेवढं येत नसेल तर गाइडला चिकटून राहायचं. त्यात लाज कसली?

व्हिडिओ आज रात्रीच काढून टाका. जेट स्कीची पावती जपून ठेवली असेल, तिच्यावर नंबर असेल. उद्या फोन लावा, त्या झेंड्याखाली कोण उतरलं होतं ते विचारा, आणि त्या माणसाची माफी मागा.