झडती

बीडला रेल्वे आली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या लोहमार्गाच्या गप्पा ऐकतच आमची पिढी लहानाची मोठी झाली. त्यामुळे आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांनी यंदाची सहल रेल्वेनेच हवी असा हट्ट धरला, तेव्हा आम्ही लगेच होकार दिला. पालकांची सभा झाली. सगळे पांगल्यावर एका मुलाची अम्मी दाराशी घुटमळत राहिली. हळू आवाजात म्हणाली, "सर, बच्चेकू गाडीमें टोपी नक्को पिनाव. और जोरसे बातां नक्को करो बोलो."

आम्ही "ठीक है" म्हणालो आणि त्या निघून गेल्या. पण हे आमचे उत्तर खरे होते काय, हा प्रश्न त्या दिवसापासून आमची पाठ सोडत नाही.

या माऊलीची भीती वेडी म्हणता येणार नाही. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला गोळी घातली. मग डब्यामागून डबे फिरून तीन मुस्लिम प्रवाशांना ठार केले. प्रवाशांच्या रक्षणासाठी दिलेली बंदूक प्रवाशांवरच चालली. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळे-मुंबई गाडीत जळगाव जिल्ह्यातील एका वृद्ध प्रवाशाला, त्यांच्याजवळच्या बरणीत कसले मांस आहे या संशयावरून मारहाण झाली. आणि २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला आपल्या शेजारच्या सोलापूरचा एक संगणक-अभियंता नमाज पढून घरी परतत असताना जमावाच्या हाती सापडला, मारला गेला. ज्या मजकुरावरून शहर पेटले होते त्याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर दाढी, जमावाला एवढे पुरले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये त्या खटल्यातील आरोपी पुराव्याअभावी सुटले.

तेव्हा आई सांगते ते आईच्या जागी बरोबरच आहे. प्रश्न पुढचा आहे. एकाच्या गुन्ह्यावरून सगळ्यांकडे संशयाने पाहणे न्याय्य असू शकते काय? आणि ज्याच्याकडे असे पाहिले जाते, त्याने काय करावे?

हा प्रश्न आमच्यापुरता ऐकीव नाही. मे २००६ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद परिसरात शस्त्रे आणि स्फोटकांचा साठा पकडला गेला. त्यातून निसटलेला गेवराईचा जबीउद्दीन अन्सारी जून २०१२ मध्ये दिल्लीत पोलिसांच्या ताब्यात असल्याचे जाहीर झाले. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याशीही त्याचे नाव जोडले गेले. वर्तमानपत्रांत रोज 'बीड' आणि 'गेवराई' ही नावे येऊ लागली. त्याच पावसाळ्यात बी.एड.च्या प्रवेशासाठी आम्ही रात्रीच्या एस.टी.ने निघालो होतो. वय तेवीस. एका नाक्यावर गाडी थांबली. पोलीस चढले आणि नावे विचारत मागे आले. नाव सांगितले की पुढचा, नाव सांगितले की पुढचा. आमचे नाव ऐकले आणि आम्हाला खाली उतरवले.

"गाव?"

"बीड."

"बीडमध्ये कुठं? गेवराई का?"

पिशवी रस्त्यावर उघडली गेली. गुणपत्रिका, दाखले, फडक्यात बांधलेल्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक उर्दू व्याकरणाचे पुस्तक. साहेबांनी ते पुस्तक उलटसुलट करून पाहिले. "काय लिहिलंय यात? वाच." बॅटरीच्या उजेडात आम्ही वाचून दाखवले : इस्म, फेल, हर्फ. नाम, क्रियापद, अव्यय. दहा-पंधरा मिनिटांत सोडून दिले. कुणी मारले नाही, शिवीही दिली नाही. मात्र आम्ही परत जागेवर येऊन बसलो, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी पायाशी ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. आत्तापर्यंत याच गृहस्थांशी पावसापाण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. पोलिसांच्या झडतीपेक्षा ती मांडीवरची पिशवी आम्हाला अधिक लागली. घरी कुणाला सांगितले नाही. अब्बांनी प्रवासच बंद केला असता.

आता पोलिसांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतील, आमच्या हाती माणसे थोडी, रात्र मोठी. ज्या गावचा माणूस पकडला त्या गावच्या माणसाला विचारायचे नाही तर कुणाला विचारायचे? आणि अन्सारी निर्दोष होता असेही नाही. २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याच्यासह बारा जणांना दोषी ठरवले. आपल्यातल्या कुणाचा गुन्हा सिद्ध झाला की आपली लेखणी अडखळते. ती अडखळू नये. गुन्हा होता, शिक्षा झाली, आणि ती कायद्याने झाली हे सरळ म्हणावे. असे म्हटले तरच पुढचे बोलण्याचा हक्क आपल्याला राहतो.

पुढचे असे की, तपासणी आणि संशय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एप्रिल २००९ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर एका अमेरिकी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची झडती घेतली. देशभर गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली. कलामसाहेबांनी मात्र तक्रार केली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शाहरुख खानला अमेरिकेत न्यूअर्कच्या विमानतळावर थांबवून ठेवण्यात आले. आपल्या नावामुळे हे झाले असे तो म्हणाला. ही नेहमीची तपासणी होती असे तिथले अधिकारी म्हणाले. दोन्ही बातम्या आपण एकाच रागाने वाचल्या. वास्तविक सगळ्या प्रवाशांना एकच नियम असेल तर राष्ट्रपतींनीही रांगेत उभे राहण्यात अपमान नाही. रेल्वे स्थानकावरच्या त्या चौकटीतून सगळेच जातात, कुणाचे मन दुखत नाही. नियम नावावर अडला की अन्याय सुरू होतो.

अशा संशयाने गुन्हेगार तरी सापडतात काय? ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले. मेलेले बहुतेक आपलेच, आणि पकडलेले नऊ जणही आपलेच. पाच वर्षे तुरुंगात काढल्यावर त्यांना जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. तोवर त्यांच्यातला एक जण हयात नव्हता. नावावर खिळलेली नजर हाताकडे पाहायला विसरते, आणि खरा गुन्हेगार तिच्या बाजूने निघून जातो. शिवाय ज्या मोहल्ल्याला पोलीस ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते, तो मोहल्ला आपल्यातला वाट चुकलेला मुलगा पोलिसांना कसा दाखवणार?

या प्रश्नावर विचार करताना आम्हाला सूरह यूसुफ आठवते. ती गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी दादी-नानीच्या तोंडून ऐकलेली आहे. भाऊ धान्यासाठी मिस्रला आले. यूसुफ अलैहिस्सलाम यांच्याच योजनेने बादशहाचे पात्र धाकट्या भावाच्या सामानात ठेवले गेले. काफिला थांबवला, सर्वांच्या गोण्यांची झडती झाली आणि पात्र निघाले. तेव्हा भाऊ काय बोलले? याने चोरी केली तर नवल नाही, याचा भाऊही पूर्वी असाच होता! एकाच्या नावावरून दुसऱ्याला चोर ठरवण्याची ही रीत इतकी जुनी आहे, आणि ती वापरणारे परके नव्हते, घरचेच होते. यूसुफांनी ते बोलणे मनात गिळले. मग भाऊ विनवू लागले की याचा बाप म्हातारा आहे, याच्या बदल्यात आमच्यातल्या कुणाला धरा. त्यावर यूसुफ म्हणाले ते आम्हाला न्यायशास्त्राचे सार वाटते : ज्याच्याजवळ वस्तू सापडली त्याला सोडून दुसऱ्याला धरणे, यापासून अल्लाहची पनाह. आपला राजीखुशीने पुढे आलेला माणूससुद्धा दुसऱ्याच्या जागी धरायचा नाही, तर मग ज्याने काही केलेच नाही त्याला नावावरून कसे धरता येईल? कुणी कुणाचे ओझे उचलणार नाही हे कुरआनात वारंवार येते. आपल्या संविधानातले चौदावे आणि पंधरावे कलम वेगळ्या भाषेत याच वाटेने जाते.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण नाक्यावरच्या त्या रात्रीनंतर दोनेक वर्षांनी एक गोष्ट घडली. आष्टीकडून येणाऱ्या एस.टी.त आम्ही बसलो होतो. एका फाट्यावर एक पारधी बाई कडेवर लेकरू घेऊन चढली आणि आमच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर टेकली. आमचा हात आपोआप खिशातल्या पाकिटाकडे गेला. तिने ते पाहिले. काही बोलली नाही. लेकराला या मांडीवरून त्या मांडीवर घेतले आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. आम्हाला ते मांडीवर पिशवी घेणारे गृहस्थ आठवले, आणि पुढचा सारा प्रवास आमची मान वर झाली नाही.

पारध्यांवरचा हा संशय कुठून आला? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. या यादीत आलेल्या जमातीत जन्म झाला की माणूस गुन्हेगार. पुराव्याची गरज नाही. हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचे नाही. स्वतंत्र भारताने १९५२ साली हा कायदा रद्द केला. कायदा गेला, पण नजर गेली नाही. आजही आपल्या जिल्ह्यात कुठे चोरी झाली की पोलीस आधी पालांकडे वळतात, आणि आपण, म्हणजे 'नावावरून का धरता' असे विचारणारे आपणच, त्यात काही चुकीचे आहे असे मानत नाही. नाक्यावर आम्हाला जे लागले ते त्या बाईला रोज लागत असणार. आपल्या तक्रारीचा खरेपणा इथे तपासला जातो. अन्याय आपल्यावर होतो म्हणूनच आपण ओरडत असू, तर ती न्यायाची मागणी नव्हे. तो फक्त आपली पाळी टाळण्याचा अर्ज झाला.

दुसरी कसोटी आणखी जवळची आहे. ३० मार्च २०२५ रोजी, ईदच्या तोंडावर, गेवराई तालुक्यातल्याच अर्धमसला गावी मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. रात्रीची वेळ होती म्हणून जीव वाचले. दोघांना अटक झाली. त्या दोघांवरून आपण गेवराईच्या साऱ्या हिंदू वस्त्यांना दोषी धरायचे काय? त्या दिवशी मोहल्ल्यात तसे बोलणारे भेटले. आम्ही त्यांना एवढेच विचारले, "२०१२ साली बसमधून उतरवले तेव्हा आपण हेच म्हणत होतो ना, की गेवराई म्हणजे एक माणूस नव्हे?" सूरह हुजुरातमध्ये संशयापासून दूर राहण्याची ताकीद आहे ती मोमिनांना आहे. तिच्या लगतच सांगितले आहे की माणसांच्या जमाती आणि कबिले केले ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. ओळख पटवण्यासाठी नव्हे, ओळख होण्यासाठी.

आता त्या अम्मीचे उत्तर. जिवाला धोका असेल तिथे टोपी काढून खिशात ठेवणे गुनाह नाही; जीव वाचवणे हेही दीनच आहे. पण भीतीने केलेली गोष्ट भीतीने केली असेच मुलाला सांगावे. तिला शहाणपण म्हणू नये, सभ्यपणा म्हणू नये. नाही तर मूल शिकेल की आपल्या नावातच काही लाजिरवाणे आहे. घरातल्या माणसांकडून शिकलेला हा धडा पुसायला फार कठीण जातो.

म्हणून आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो आणि म्हणालो, "आपा, टोपीचं मुलालाच ठरवू द्या. आम्ही शेजारी बसू." मुलांना आम्ही काही गोष्टी शिकवणार आहोत. शाळेचे ओळखपत्र जवळ ठेवा. कुणी अधिकाऱ्याने विचारले तर घाबरू नका, उद्धटही होऊ नका. नाव आणि गाव मोठ्याने, स्वच्छ सांगा. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याच्या नावाची स्पष्ट पट्टी हवी आणि घरच्यांना कळवले गेले पाहिजे. हे माहीत असणे म्हणजे बंडखोरी नव्हे, नागरिकशास्त्र आहे.

आणि एक गोष्ट शेवटची. डब्यात कुणीही शेजारी येऊन बसले, पारधी असो, भगवा फेटा बांधलेला वारकरी असो, नाही तर गणवेशातला शिपाई असो, आपली पिशवी मांडीवर ओढून घेऊ नका. सरकून जागा द्या. नाव विचारा, आपले सांगा.

सूफी ज्याला मुहासबा म्हणतात तो याहून फार निराळा नसावा. दुसऱ्याने आपली झडती का घेतली हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे आणि तो आपण सोडू नये. पण त्याआधी रोज एकदा आपली आपण घ्यावी. आमच्या पिशवीत त्या रात्री पोलिसांना काही सापडले नाही. दोन वर्षांनी आमचे आम्हाला सापडले.