रणगाड्यांचा खेळ



एका तरुणाने विचारले, "फादर, मी टेबलावर रणगाड्यांची लढाई खेळतो. हे पाप आहे का?" इजिप्तच्या वाळवंटातील एल अलामीनची १९४२ ची लढाई तो चिमुकले रणगाडे मांडून खेळतो. पट्टीने अंतर मोजायचे, फासा टाकायचा. रणगाडा उडाला, की त्यावर धूर म्हणून कापूस ठेवायचा.

खेळ पाप नव्हे. माफक खेळणे हा सद्गुणच, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. मला खटकते ते वेगळेच. डाव रंगावा म्हणून दोन्ही सैन्यांना सारखे पॉइंट देतात. मग न्याय्य युद्धाचा पहिला प्रश्न, कोण कशासाठी लढतो, टेबलावर येतच नाही. शर्मन रणगाड्यात पाच माणसे असत; तीही येत नाहीत.

तरी 'सोड' म्हणालो नाही. (सेमिनरीत बुद्धिबळात मीही पुष्कळ प्यादी मारली!) त्या लढाईतील निर्णायक हल्ला २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनीच सुरू झाला. तिथल्या राष्ट्रकुल दफनभूमीत सात हजारांहून अधिक कबरी आहेत, त्यांतल्या आठशेंवर निनावी. म्हटले, "कापूस ठेवताना त्यांच्यासाठी एकदा प्रभूची प्रार्थना म्हणशील?"

पुढच्या रविवारी मिस्सानंतर तो म्हणाला, "फादर, एका रणगाड्याला पाचदा म्हणावी लागते. डाव संपतच नाही."

आपला,
फादर