जोईची व्हॅन

२ जुलै २०००. एस्टोनियातल्या टॅलिन शहरात, पावसानं ओल्या रस्त्यावरच्या शर्यतीत जोई डनलॉपची मोटरसायकल घसरून झाडांत शिरली. वय ४८. जूनमध्येच आइल ऑफ मॅनला त्यानं तीन शर्यती जिंकल्या होत्या. तिथले एकूण विजय २६.

उत्तर आयर्लंडमधल्या बॅलीमनीत त्याच्या अंत्ययात्रेला हजारो माणसं लोटली. मला मात्र राहून राहून आठवते ती त्याची व्हॅन. हा अबोल माणूस तीत धान्य, कपडे भरून रोमानियातल्या, बोस्नियातल्या अनाथ मुलांकडे एकटाच निघायचा.

आठ वर्षांनी धाकटा भाऊ रॉबर्टही एका शर्यतीच्या सरावातच गेला. दोन दिवसांत रॉबर्टचा मुलगा मायकेल त्याच शर्यतीत उतरला, जिंकलाही. वेडेपणा? असेल. की त्या घराला शोकाची तेवढीच रीत ठाऊक होती? दुसऱ्या दिवशी वडिलांची अंत्ययात्रा निघाली.