व्यासपीठावरून खाली

दारुड्यांच्या आणि कैद्यांच्या उद्धाराची तळमळ पाद्र्यांना फार पूर्वीपासून होती. पण ते बोलत ते वरून. १८२५च्या सुमारास लायमन बीचर या अमेरिकन धर्मोपदेशकाने दारूविरुद्ध दिलेली सहा प्रवचने गाजली. त्यांचा खरा रोख होता तो अजून वाया न गेलेल्यांना वाचवण्यावर. तुरुंगांत तर एकांतावरच भिस्त होती. १८२९ साली सुरू झालेल्या फिलाडेल्फियाच्या तुरुंगात माणसाला एकट्याला कोठडीत ठेवत, सोबतीला बायबल. एकटेपणात पश्चात्ताप होईल, ही भाबडी आणि क्रूर समजूत. १८४२ मध्ये इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने तो तुरुंग पाहिला आणि या एकांताचा कडक शब्दांत निषेध केला.

माझ्या मते वरून उद्धार करण्याच्या या विचाराला कलाटणी दिली ती कोणा विद्वान धर्मगुरूने नव्हे, तर जेरी मॅकॉली या चोराने. न्यूयॉर्क राज्यातल्या सिंग सिंग तुरुंगाच्या प्रार्थनागृहात त्याने एका जुन्या ओळखीच्या मुष्टियोद्ध्याला बोलताना ऐकले आणि तो हलला. सुटून आल्यावर मात्र तो पुन्हा दारूत आणि चोरीत घसरला, तेही एकदाच नव्हे. शिक्षा भोगून बाहेर पडलेल्याला फाटकाबाहेर कोण भेटते, यावर सगळे अवलंबून असते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८७२ साली त्याने न्यूयॉर्कच्या वॉटर स्ट्रीटवर मिशन उघडले. तिथे रोज रात्री दार उघडे असे आणि जे स्वतः गाळातून वर आले होते तेच उठून आपली हकीकत सांगत.

पुढे हे मिशन सॅम्युएल हॅडली या दारूतून सुटलेल्या माणसाने चालवले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने धार्मिक अनुभवांवरच्या आपल्या १९०२च्या ग्रंथात त्याची कहाणी घेतली. १९३४ मध्ये बिल विल्सन नावाचा एक अमेरिकन दारूने खंगून इस्पितळात पडला होता, तेव्हा त्याच्या हाती आले ते हेच पुस्तक. त्याआधी तो रेव्हरंड सॅम्युएल शूमेकर यांच्या चर्चच्या मिशनमध्ये जाऊन आला होता. १९३५ साली त्याच्या पुढाकाराने अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) ही दारुड्यांनीच एकमेकांना सावरण्याची संघटना उभी राहिली. बिलने शूमेकरांचे ऋण मोकळेपणाने मानले. पण मीटिंगमध्ये पाद्र्याची खुर्ची ठेवली नाही आणि देव ज्याला जसा समजेल तसा, असे म्हटले. शूमेकरांनी पुढे याला साथच दिली. आपल्या हातून सुरू झालेले काम आपल्या पंथाच्या बाहेर जाऊ देणे धर्मगुरूला किती अवघड असते! मला त्यांचे मोठेपण इथेच दिसते.

हीच वाट पुढे मुंबईतही आली. तिथे फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले, वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून. ते पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. त्यांनी एएच्या व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांना योगासनांची जोड दिली, कारण व्यसनाने शरीरही पोखरलेले असते आणि नुसत्या प्रार्थनेने ते ताठ होत नाही. चर्चच्या आवारात आसने शिकणाऱ्याला तिथे त्याचा धर्म विचारला जात नाही.